सुट्टी न मिळणाऱ्या बाईचे लाडू

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. माझ्या थोरल्या लेकीचं माहेर म्हणजे शारजातला वन बीएचके. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचे एसी दिसतात, आणि उघडायची कशाला, बाहेर भट्टी. त्या माहेरात मी आणि माझी धाकटी लेक राहत होतो. मुलींचे बाबा बरीच वर्षं आधी वेगळे होऊन मस्कतला गेले आणि तिथे त्यांनी नवा संसार मांडला. वाढदिवसाला मुलींना त्यांचा मेसेज येई, कधीकधी दुसऱ्या दिवशी.

थोरली लग्न होऊन नाशिकला. तिला दिवस गेले तेव्हा ठरलं असं, की तिने पोट सांभाळत विमानातून येण्यापेक्षा मीच तिकडे जावं. म्हणजे माहेरच उठून सासरी जाणार. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "मागची खोली तुमची. त्या खोलीत तुमचा कायदा." मी ऑफिसात सव्वा महिन्याची रजा मागितली. ती मिळाली. मग दोनच आठवड्यांत ऑफिसने मला कायमचीच रजा दिली.

त्या वेळची मी आठवली की मला हसू आवरत नाही. फार जुनी गोष्ट नाही, चार वर्षंही झाली नसतील. पण आजी झाल्यावर बाई जरा शहाणी होते, आणि मी तेव्हा आजी व्हायची होते. पन्नाशीला टेकलेली, केसांना मेंदी लावणारी, गळ्यात ऑफिसचं कार्ड घालून मिरवणारी बाई. दुबईत रास अल खोरच्या एका गोदामात गाड्यांच्या सुट्या भागांची बिलं करायची. सकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये घुसायचं, संध्याकाळी त्याच ट्रॅफिकमधून बाहेर पडायचं. मधल्या वेळात नोकरी. स्वयंपाक जमेल तेवढा. दिवाळीची चकली, लाडू, शंकरपाळे सगळं दुबईतल्या मनखूल भागातल्या दुकानातून. घरी आणून ते मी माझ्या स्टीलच्या डब्यात भरायची, वरून थोडी वेलची भुरभुरायची आणि पाहुण्यांना सांगायची, "घरचंच आहे." थोरली लहान असताना डबे भरायच्या कामात माझी भागीदार होती. दुकानाचं खोकं बारीक फाडून कचऱ्यात तळाशी घालायचं, हे तिनेच शोधून काढलं.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

नोकरी जायच्या आधी काही महिने मालकाने सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, की आता देशात कंपन्यांवर टॅक्स आलाय, जो टॅक्स शिकेल तो टिकेल. बाईने लगेच पदरचे पैसे भरून शनिवार-रविवारच्या क्लासला नाव घातलं. क्लास मनखूललाच, एका शिंप्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. वर्गातली पोरं माझ्या थोरलीच्या वयाची. मला आंटी म्हणायची आणि पहिल्या बाकाचा कोपरा माझ्यासाठी राखून ठेवायची, कारण तिथे एसीचा झोत अंगावर येत नव्हता. मला वाटलं, मी टिकले. मग मालकाने बिलांचा अख्खा विभागच बंद केला. "खलास," तो म्हणाला, दोन्ही तळहात झटकत. वाईट नव्हता माणूस. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण ते पाणी घेऊन तो घरी गेला आणि मी बसमध्ये बसले.

तर अशी मी: टॅक्स अर्धा शिकलेली, नोकरी गेलेली, पदरात नववीतली मुलगी. देवाने एक दोर ठेवला होता. इथे नोकरी करणाऱ्यांना बेकारीचा विमा काढावा लागतो, नाहीतर दंड होतो. दंडाच्या भीतीने मी तो काढला होता आणि दर वेळी हप्ता भरताना कुरकुरले होते. आता त्याच विम्यातून जास्तीत जास्त तीन महिने मूळ पगाराचा काही भाग मिळणार होता. 'मूळ पगार' हे इथलं एक गंमतशीर प्रकरण आहे. पगारात घरभाडं, प्रवास, इतर असं काय काय असतं आणि मूळ त्यात अगदी मुळापुरतंच. तरी त्या पैशात भाडं भागत होतं, आणि मी इथे नोकरी शोधत राहू शकत होते.

फक्त एक अट होती. देश सोडला की भत्ता बंद. शिवाय रद्द झालेल्या व्हिसावर एकदा बाहेर पडलं की परत यायला दार नाही. धाकटीचा व्हिसा माझ्या व्हिसाला बांधलेला, तिची शाळा अर्ध्यावर, माझी परीक्षा थोरलीच्या तारखेनंतर दोन आठवड्यांवर. म्हणजे जगातली सगळी सुट्टी माझ्याकडे होती आणि मला हलता येत नव्हतं.

शहाण्या बाईने हे लेकीला सरळ सांगितलं असतं. आमच्या बाईने विचार केला, पोटुशी पोर, तिला कशाला ताण. आणि तिने फोन करून सांगितलं, "अगं, बॉसने रजा रद्द केली. सुट्टीच मिळत नाही."

थोरली अशी भडकली की विचारू नका. "मंजूर केलेली रजा? असा कसा तो माणूस? त्याला आई नाही का?"

विहीणबाईंनी फोन ओढून घेतला. "ताई, त्याचा नंबर द्या. मी बोलते त्याच्याशी. हिंदीत बोलते, कळेल ना त्याला?"

"नको हो," मी म्हटलं. "तो फार तापट आहे."

माझा तो बिचारा रडका मालक. नाशिकमध्ये त्याच्या नावाने बोटं मोडली जात होती आणि तो दुबईत आपलं गोदाम भाड्याने द्यायला गिऱ्हाईक शोधत हिंडत होता.

एक खोटं म्हणजे एक पाहुणा. त्याच्या मागे त्याची माणसं येतात. थोरली दुपारी माझ्या ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करायची. म्हणजे दुपारी मला ऑफिसात असायला हवं. मग मी काय करायची? अंगात ऑफिसचा कुर्ता, गळ्यात ते जुनं कार्ड आणि पाठीमागे कपाटाचं राखाडी दार. खाली पायजमा, पायात घरातल्या सपाता. एकदा मागे वॉशिंग मशीन फिरायला लागलं.

"आई, तो आवाज कसला?"

"गोदामातला जनरेटर गं."

एकदा कुकरची शिट्टी झाली. मी सांगितलं, पॅन्ट्रीत पोरं बिर्याणी करतायत. धाकटी घरी होती, शुक्रवार, शाळेला सुट्टी. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. कॉल संपल्यावर म्हणाली, "मम्मा, यू आर सो बॅड ॲट धिस."

"तू ताईला सांगशील?"

"नो. बट शी विल नो. शी ऑल्वेज नोज."

मी म्हटलं, अभ्यास कर. ती म्हणाली, "यू टू." आणि आम्ही दोघी एका टेबलावर समोरासमोर बसलो, ती तिचं बीजगणित घेऊन आणि मी टॅक्सचे नियम घेऊन. मी वाचताना ओठ हलवते, याचा तिला राग यायचा.

पण ती शाळेत गेली की घर असं काही गप्प व्हायचं. वीस-बावीस वर्षं मी दिवसाउजेडी घरात राहिलेच नव्हते. मला माहीतच नव्हतं की सकाळी दहाला आमच्या हॉलमध्ये ऊन येतं, समोरच्या काचेवरून उलटून आलेलं, आणि अर्ध्या तासात निघून जातं. लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली ते आवाजावरून कळायला लागलं. नोकरीसाठी अर्ज करायचे, उत्तर आलंय का बघायचं, पुस्तक उघडायचं, एकच पान दोनदा वाचायचं. फोन केला असता तर कोणाला? ऑफिसातल्या मैत्रिणी ऑफिसात. गावची माणसं विचारणार, "काय गं, आज कामावर नाहीस?" खोट्याचा हा एक तोटा कोणी सांगत नाही. तुम्ही एकाला फसवता आणि सगळ्यांशी बोलणं बंद होतं.

घराबाहेर खरं माहीत होतं फक्त शेजारच्या भाबीला. रत्नागिरीकडची, नवऱ्याचं माशांचं दुकान, बोलणं तिकडचं. तिच्यापासून लपवता आलंच नसतं. सकाळी अकराला ती मीठ मागायला आली आणि मी दार उघडलं, एवढंच. तिने माझ्या सपातांकडे पाहिलं आणि मीठ न घेताच आत येऊन बसली.

भाबी गावी लग्नाला निघाली होती, मुंबईवरून. तेव्हा माझ्या डोक्यात आलं: मी जाऊ शकत नाही, पण बाळंतिणीचे लाडू तर जातील. माहेरचे लाडू. विकत घेण्याचा विचार मनात आला नाही असं नाही. मनखूलच्या त्याच दुकानात डिंकाचे लाडू मिळतात. मी दुकानापर्यंत गेलेही. पण परत फिरले. हात रिकामे होते ना.

मग बाई कामाला लागली. डिंक मिळाला, तूप मिळालं, सुकं खोबरं मिळालं. अळीव कुठे मिळेना. शेवटी मसाल्याच्या दुकानात एका अरब म्हातारीने मला पिशवी दाखवली. त्यांच्याकडेही बाळंतिणीला हेच देतात, म्हणाली. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे, आणि हसली. मीही हसले. त्या आठवड्यात मी बोललेलं तेवढंच, घराबाहेर. खसखस मात्र मिळणार नव्हती. ती या देशात बंद आहे, सापडली तर थेट तुरुंग. खसखशीशिवाय डिंकाचा लाडू म्हणजे कुंकवाशिवाय... जाऊ दे, मी हे बोलायची बाई नव्हे.

आणि खारीक. खारीक मिक्सरमधून काढता येते. सगळे तसंच करतात. पण माझ्या आईचा अडकित्ता होता कपाटात, कधी न वापरलेला. मी हॉलमध्ये खाली वर्तमानपत्र पसरलं आणि खारीक कातरायला बसले. बारीक, अगदी तांदळाएवढी. अंगठ्याच्या बुडाशी फोड आला, फुटला, त्याच्यावर पट्टी लावून पुन्हा कातरली. दहाचं ऊन यायचं, जायचं. दिवसांमागून दिवस मी कातरत होते. मनात टॅक्सचे नियम म्हणायची आणि खारीक कातरायची. माझं सगळं न जाता येणं मी त्या खारकेवर काढलं असावं, असं आज वाटतं. तेव्हा मात्र वाटत होतं, काय सुरेख तुकडे पडतायत.

डबा भरून भाबीकडे नेला. तिने तो हातात तोलून पाहिला.

"लाडू मी नेन, बाय," ती म्हणाली. "पन तुजा खोटा नाय नेनार. माजी बॅग आधीच भरलीली हाय."

"तुम्ही काही बोलू नका, झालं."

"मी कशाला बोलतंय? लाडूच बोलतील."

मला वाटलं, कौतुक करतेय.

जावयाने मुंबईला विमानतळावर डबा घेतला. दोन दिवसांनी दुपारी थोरलीचा कॉल आला. मी कुर्ता चढवला, कार्ड घातलं, कपाटासमोर बसले.

"आई, लाडू मिळाले."

"कसे झालेत?"

"छान." तिने मोडलेला लाडू स्क्रीनपाशी धरून पाहिला. स्क्रीनवर तिचं तोंड सुजल्यासारखं दिसत होतं, शेवटच्या दिवसांत दिसतं तसं. "खारीक तू कातरलीस?"

"मग काय शेजारीण कातरणार?"

"अडकित्त्याने?"

"हो. आजीचा आहे ना आपल्याकडे."

"आई," ती म्हणाली, "एवढी खारीक कातरायला किती दिवस लागतात? तू मला आयुष्यात दुकानाचे लाडू खायला घातलेस. डबे मी भरलेत तुझ्याबरोबर. हे सुट्टी न मिळणाऱ्या बाईचे लाडू नाहीत."

मी तोंड उघडलं. नेमकं तेव्हाच आत मशीन फिरायला लागलं.

"जनरेटर का?" तिने विचारलं.

मी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावरच्या फोटोत मी केवढी ऐटीत बघत होते.

"कधी गेली नोकरी?"

सांगितलं. मग ती साहजिकच म्हणाली, "मग ये ना. नोकरी नाही तर अडलंय कुठे?" मग मी तेही सांगितलं: देश सोडला तर भत्ता बंद, परत यायला दार बंद, धाकटीची शाळा, परीक्षा. सांगताना मला ते सगळं एखाद्या तिसऱ्या बाईच्या बहाण्यांसारखं ऐकू आलं. खरं होतं, तरीही.

"म्हणजे तू येणार नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"मी उगाच त्या माणसावर चिडत बसले."

"मग कोणावर चिडली असतीस?"

"तुझ्यावर." तिने डोळे पुसले. "ते बरं झालं असतं, आई. तुझ्याशी भांडता तरी आलं असतं."

मी फक्त विचारलं, लाडू खातेस ना. पाठीमागून विहीणबाईंचा आवाज आला, "खसखस राहिली बरं का, ताई. पण काळजी नको, मी भाजून वरून लावलीय." नंतर त्या स्क्रीनवर आल्या, माझ्या सपाता दिसत नव्हत्या तरी मी पाय आत घेतले. त्या म्हणाल्या, "मागच्या खोलीत आता माझा कायदा. तुम्ही परीक्षा द्या." त्या बॉसच्या नंबराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मोठ्या मनाची बाई.

नात झाली ती शनिवारी, सकाळी, माझा क्लास चालू असताना. फोन थरथरला. मी बाहेर जिन्यात आले. फोटोत एक लाल गाठोडं, डोळे मिटलेलं, नाक आमच्या घराण्याचं. खाली शिंप्याचं मशीन धडधडत होतं. मी जिन्याच्या पायरीवर बसले. ओरडून कोणालातरी सांगावं असं वाटलं, आणि कोण ते सुचेना. वर्गात परत गेले तेव्हा शेजारच्या मुलीने विचारलं, "आंटी, सब ठीक?" मी म्हटलं, "हां बेटा." आणि सरांनी फळ्यावर घातलेलं गणित उतरवून घेतलं. उत्तर बरोबर आलं. तेवढं मला आठवतं.

मुलगी झाली म्हणजे जिलबी वाटायची. येताना घेऊन आले. धाकटीने दार उघडलं, मी काही बोलायच्या आधीच तिने फोटो पाहिलेला होता. "सो आय ॲम मावशी," ती म्हणाली आणि मला मिठी मारली, जी ती नववीत गेल्यापासून मारत नव्हती. मग आम्ही जिलबी घेऊन निघालो. भाबीच्या दाराला कुलूप, ती अजून गावी. खाली वॉचमनला दिली. मग मजल्यावरची बाकीची दारं ठोठावली. इतकी वर्षं त्या मजल्यावर राहिले होते आणि एकाही दारामागचा चेहरा मला माहीत नव्हता. एकाने दाराच्या फटीतून मान हलवली, सेल्सगर्ल समजून. एका इजिप्शियन आजोबांनी मात्र दार पूर्ण उघडलं. धाकटीने इंग्रजीत समजावून सांगितलं. "मबरूक, मबरूक," ते म्हणाले, अभिनंदन, आणि दोन जिलब्या घेतल्या. त्यांच्या घरातही मागे कोणी नव्हतं. टीव्ही चालू होता.

उरलेली जिलबी आम्ही दोघींनी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही.

परीक्षा पास झाले. भत्ता संपता संपता शारजातल्याच एका लहानशा हिशेबाच्या ऑफिसात नोकरी लागली. नव्या नोकरीत वर्षभर रजा नाही, म्हणजे या वेळी सुट्टी खरोखरच मिळत नव्हती, आणि तसं सांगितल्यावर थोरली हसली. नातीला मी पहिल्यांदा उचलून घेतलं तेव्हा ती चालत होती. तिने माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं आणि उतरून विहीणबाईंच्या पदरामागे गेली. बरोबरच आहे. मागच्या खोलीत आता नातीचा कायदा.

तेव्हापासून आमच्यात एक खूण झाली आहे. दिवाळीला माझा डबा गेला की थोरली आधी लाडू मोडून बघते. "विकतचेच आहेत ना?" विचारते. मी म्हणते, मनखूलचे. "मग ठीक आहे," ती म्हणते. विकतचा लाडू म्हणजे आई कामावर आहे, आईला वेळ नाही, आईचं बरं चाललंय.

मागच्या महिन्यात धाकटी कॉलेजला पुण्याला गेली. गेल्या शुक्रवारी अर्ध्या दिवसाचं काम संपवून दुपारी मी ऑफिसातून घरी आले, जेवले, भांडी घासली, आणि हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं. अडकित्ता कपाटात वरच होता. थोरलीचा कॉल आला तेव्हा मी फोन नेहमीसारखा कपाटासमोर उभा केला, पण या वेळी जमीन दिसत होती हे माझ्या लक्षात आलं नाही. सुधारत नाहीत काही बायका.

"आई, ते मागे काय आहे?"

"कुठे काय?"

"खारीक आहे. आई, खरं सांग. नोकरी आहे ना?"

"आहे गं. तुझी शपथ आहे."

"मग कातरतेस कशाला?"

मी म्हटलं, विकतच्या लाडवात बियांचे तुकडे निघतात. जनरेटरपेक्षा बरं होतं हे खोटं, पण फार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मांडीवर बसून नात स्क्रीनला बोट लावून बघत होती, आजीचं नाक कुठे आहे ते.

"किती कातरलीस?" थोरलीने विचारलं.

"थोडीशीच."

"थोडीशी म्हणजे?"

मी फोन फिरवून वर्तमानपत्र दाखवलं. तिने नातीचं बोट स्क्रीनवरून बाजूला केलं. मग म्हणाली, "खसखस मी इथे लावते. पाठव."

भाबी येत्या शुक्रवारी गावी निघते आहे. बॅगेत जागा ठेवलीय म्हणाली.